पासष्ट इंच आणि आईचा दिवाण

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या हॉलच्या भिंतीवर चार दिवस वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. येणारा-जाणारा विचारायचा, ‘रंगकाम काढलंय काय?’ रंगकाम नव्हतं. १४५ सेंटिमीटर रुंद आणि ८३ सेंटिमीटर उंच असा तो कागदी चौकोन म्हणजे आमचा अजून न घेतलेला ६५ इंची टीव्ही होता.

कल्पना बायकोची. दुकानात सगळेच टीव्ही लहान वाटतात आणि घरी आणले की भिंत खातात, असं तिचं म्हणणं. तिच्या भावाने ७५ इंची आणला तेव्हापासून त्यांच्या शोकेसचं उजवं दार अर्धंच उघडतं. तेव्हा आधी कागद लावायचा, चार दिवस त्याच्याकडे बघत जेवायचं, मग ठरवायचं.

आमचा जुना टीव्ही ३२ इंची, २०११ साली घेतलेला. जूनमध्ये त्याच्या पडद्यावर उजवीकडे एक उभी हिरवी रेघ आली. जुलैत तिला जोडीदारीण मिळाली. मेकॅनिक येऊन बघून गेला आणि म्हणाला, ‘पॅनेल गेलंय. नवीन पॅनेलच्या पैशात नवीन टीव्ही येईल की, साहेब.’ एवढं सांगायचे त्याने दोनशे रुपये घेतले, पण खोटं बोलला नाही.

इंचांचा हिशेब फसवा असतो, हे मला कागद कापताना कळलं. टीव्हीचे इंच मोजतात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके. त्यामुळे ३२ चा ६५ झाला की टीव्ही दुप्पट झाला असं वाटतं, पण क्षेत्रफळ चौपट होतं. ५५ आणि ६५ मध्ये दहाच इंचांचा फरक, पण पडदा ४० टक्के मोठा. आमच्या भिंतीवर आतल्या खोलीचं दार आणि शोकेस यांच्यामध्ये पाच फूट दोन इंच जागा आहे, म्हणजे १५७ सेंटिमीटर. ७५ इंची टीव्हीची रुंदीच १६६ च्या आसपास असते. तो प्रश्न टेपनेच मिटवला. चिरंजीव दोन दिवस रुसले.

सोफा भिंतीपासून नऊ फुटांवर. फोर-के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांच्या पडद्यासाठी तिरक्या मापाच्या १.२ ते १.६ पट अंतरावर बसावं, असा साधारण हिशेब सांगतात. नऊ फूट म्हणजे १०८ इंच. भागाकार केला तर कमीत कमी ६७ इंच आणि जास्तीत जास्त ९० इंच असं उत्तर आलं. नव्वद! हा हिशेब सिनेमाच्या थेटरात बसल्यासारखं वाटावं म्हणून काढलेला असतो. घरात माणसं भाजी निवडत टीव्ही बघतात, हे त्यात धरलेलं नसतं. पण ६५ मोठा होणार नाही, एवढी खात्री त्यातून झाली. चौथ्या दिवशी कागदाकडे कुणाचं लक्ष जाईना, तेव्हा तो काढला.

आईने मात्र त्या चार दिवसांत एकच प्रश्न विचारला होता. ‘मला इथून दिसेल ना?’

‘इथून’ म्हणजे दिवाणावरून. आईचं वय ७६, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, गुडघे कुरकुरतात. तिचा दिवाण खिडकीखाली, टीव्हीच्या भिंतीला लागून असलेल्या बाजूच्या भिंतीशी. दुपारी चारपासून रात्री साडेनऊपर्यंत टीव्ही तिचा, आणि ती तो तिथून बघते, चांगलाच तिरका. मी तिला ‘हो हो, दिसेल’ म्हणालो. या प्रश्नातच अख्खी खरेदी दडली होती, ते मला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या टीव्हीच्या दुकानात गेल्यावर समजलं.

गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर एका संध्याकाळी मी आणि चिरंजीव दुकानात गेलो. एका भिंतीवर वीस-बावीस टीव्ही, सगळ्यांवर तेच: काळ्या पार्श्वभूमीवर डाळिंब फुटतंय, मध ओघळतोय, पोपट उडतोय. डाळिंब असं लाल की खरं डाळिंब आजारी वाटावं. दुकानातले टीव्ही ‘शॉप मोड’वर लावलेले असतात. उजेड पूर्ण, रंग पूर्ण, कारण वर ट्यूबलाइटचा लखलखाट असतो आणि शेजारचा टीव्ही त्याहून भडक असतो. घरी कुणी असा टीव्ही लावला तर अर्ध्या तासात डोळे चुरचुरतील.

विक्रेता पोरगा चुणचुणीत होता. ‘साहेब, एलईडी घ्यायचा नाही आता. क्यूएलईडी घ्या.’ मी घरी थोडा अभ्यास करून गेलो होतो, म्हणून विचारलं की क्यूएलईडीमध्ये मागचा दिवा कसला असतो. तो हसला. ‘एलईडीच की ओ.’ नाव काहीही असो, साधा एलईडी, क्यूएलईडी आणि मिनी एलईडी या तिन्हींमध्ये पुढे एलसीडीचा पडदा आणि मागे एलईडीचे दिवे असतात. क्यूएलईडीत मध्ये एक जास्तीचा थर येतो, त्याने रंग खुलतात. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, आणि ते गटागटाने मंद करता येतात. ओएलईडी ही जातच वेगळी. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा दाखवायचा तर सरळ विझतो. नावात एका अक्षराचा फरक, किमतीत लाखाचा.

मी त्याला दोन विनंत्या केल्या. एक, टीव्ही ‘सिनेमा’ मोडवर टाक. दोन, माझा पेनड्राइव्ह लाव. त्यावर मी एका मराठी मालिकेचा तुकडा, क्रिकेटची दहा मिनिटं आणि एका सिनेमातला रात्रीचा प्रसंग घेऊन गेलो होतो. पोरगा मालकाकडे बघायला लागला. मालकाने मान डोलावली, पण ‘कुठून येतात अशी गिऱ्हाइकं’ ही नजर माझ्या नजरेतून सुटली नाही.

डाळिंब गेलं आणि टीव्ही माणसांत आले. तीन टीव्हींवर रात्रीचा प्रसंग लावून मी मधोमध उभा राहिलो. एकावर अंधार म्हणजे खरोखर अंधार. दुसऱ्यावर अंधार करडा, धुरकट. पहिलाच घ्यायचा, असं मी मनात ठरवून टाकलं. मग आईचा दिवाण आठवला. मी डावीकडे सरकत सरकत पार वॉशिंग मशिनांपाशी गेलो आणि खाली उकिडवा बसलो, कारण दिवाणावर लोडाला टेकून बसलेल्या माणसाचे डोळे त्याच उंचीवर येतात. तिथून पहिला टीव्ही पार उतरलेला. नटाचा चेहरा पिठूळ, हिरवी साडी राखाडी. आणि तो दुसरा, करड्या अंधाराचा, बाजूने पाहिला तरी जवळजवळ होता तसाच.

कारण पडद्याच्या प्रकारात आहे. व्हीए जातीच्या पॅनेलमध्ये काळा रंग गहिरा येतो, पण बाजूला सरकलं की चित्र फिकं होतं. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये बाजूने चित्र टिकतं, पण अंधारात काळ्याचा करडा होतो. काही कंपन्या व्हीएवर वरून वेगळा थर देऊन बाजूचं चित्र सुधारतात, पण ते महागड्या मॉडेलांत. गंमत अशी की खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलच्या ५५ आणि ६५ इंचीत पॅनेल वेगळं निघू शकतं. पोरग्याला विचारलं तर म्हणाला, ‘दोन्ही फोर-केच आहेत, सर.’

मग चिरंजीवांनी मोबाइल काढला, कॅमेरा पांढऱ्या चित्राच्या अगदी जवळ नेला आणि फोटो मोठा करून दाखवला. आयपीएसचे ठिपके बाणाच्या टोकासारखे वाकडे दिसतात, व्हीएचे सरळ उभे. बाप उकिडवा बसलेला, मुलगा काचेला नाक लावून उभा. शेजारी फ्रिज बघायला आलेलं एक जोडपं आमच्याकडेच बघत होतं.

ओएलईडी दोन्ही बाजूंनी जिंकणारा. काळा खरा काळा, आणि बाजूने चित्र तसंच. पण ६५ इंची तेव्हा दीड लाखाच्या पुढे होता, आणि आमच्याकडे आईचा वेळ सोडला तर दिवसभर बातम्यांचे चॅनेल चालतात. खाली सरकती पट्टी, कोपऱ्यात बोधचिन्ह, तास न् तास एकाच जागी. ओएलईडीवर अशा न हलणाऱ्या चित्राचा कायमचा डाग उमटण्याचा धोका असतो. आता त्यावर उपाय केलेले असतात, हे खरं. तरी मी त्या वाटेला गेलो नाही. दीड लाख हेच पुरेसं कारण होतं, डागाचं कारण मी बायकोला सांगायला वापरलं.

आम्ही आयपीएसवर आलो. भाव काढायला सांगितला तेव्हा मालक स्वतः पुढे आला आणि हळूच म्हणाला, ‘आज घेऊ नका. बावीस तारखेनंतर या.’

दुकानदाराने गिऱ्हाइकाला परत पाठवलं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. त्याचं कारण दिल्लीत होतं. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने ३२ इंचांवरच्या टीव्हीचा कर २८ वरून १८ टक्के केला होता, लागू होणार होता २२ सप्टेंबरपासून, नेमक्या घटस्थापनेला. ३२ इंच आणि त्याखालच्यांना आधीपासूनच १८ होता. पंतप्रधान १५ ऑगस्टच्या भाषणात कर कमी होणार म्हणाल्यापासूनच लोक हात आखडून होते. ‘ऐन गणपतीत दुकान रिकामं बघतोय,’ मालक म्हणाला.

कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे किंमत दहा टक्के उतरणार, असं गल्लीतला प्रत्येक जण सांगत होता. तसं होत नाही. आमच्या टीव्हीची करापूर्वीची किंमत ५५ हजार. २८ टक्क्यांनी ७०,४००, १८ टक्क्यांनी ६४,९००. वाचले साडेपाच हजार, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या थोडं वर. कमी नाहीत, पण ‘सात हजार वाचतील’ म्हणणाऱ्या साडूशी माझी पैज होती ती मी जिंकलो. त्याने अजून भेळ दिलेली नाही.

मधल्या काळात आणखी एका दुकानात तेच मॉडेल तीन हजारांनी स्वस्त मिळत होतं. मी जवळपास आगाऊ रक्कम भरली होती. कोटेशनवरचा मॉडेल नंबर माझ्या वहीतल्या नंबरशी ताडून बघितला तर शेवटचं अक्षर वेगळं. विचारल्यावर ‘ते कलरचं असतंय’ असं उत्तर मिळालं. घरी येऊन कंपनीच्या साइटवर पाहिलं, तर तो आदल्या वर्षीचा टीव्ही होता. एक एचडीएमआय जोडणी कमी, प्रोसेसर जुना. आदल्या वर्षीचा घ्यायला माझी हरकत नव्हती, आदल्या वर्षीचा म्हणून विकला असता तर. मी पुन्हा त्या दुकानात गेलो नाही.

तिसऱ्या माळेला आम्ही पहिल्याच दुकानात गेलो. या वेळी उभं राहायला जागा नव्हती. आमचं ठरलेलं असल्याने बाकी अर्ध्या तासाचं काम होतं, पण दुकानदार टीव्हीबरोबर आणखी चार गोष्टी विकायला बघतो. स्टॅबिलायझर नाकारला, कारण टीव्हीच्या मागेच १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं होतं, एवढी चढउतार तो स्वतः सोसतो. त्याऐवजी विजेचा अचानक येणारा झटका अडवणारा स्पाइक गार्ड घेतला. वाढीव वॉरंटी घेतली. पुष्कळ जण ती पैसे उडवणं समजतात, पण मोठ्या टीव्हीत पॅनेल गेलं की टीव्ही गेला, हे मी नुकतंच बघितलं होतं. ‘नो कॉस्ट ईएमआय’चं गणित मात्र कागदावर मांडायला लावलं. हप्त्यांतलं व्याज सवलत म्हणून वजा दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. शिवाय रोख पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला नव्हती. आम्ही एकरकमी दिले. जुन्या टीव्हीचे एक्स्चेंजमध्ये हजार रुपये सुटले. चौदा वर्षं राबलेल्या वस्तूची ती किंमत ऐकून बायकोला उगाच वाईट वाटलं.

दोन दिवसांनी टेम्पो आला. खोकं माझ्या कमरेएवढं उंच, आणि त्यावर ‘आडवे ठेवू नये’ हे चित्रासकट छापलेलं. आमची लिफ्ट चार माणसांची. खोकं तिच्यात टोकावर उभं केलं तर मावलं असतं, पण ते लांब कडेवरच उभं ठेवायचं असतं. दोन पोरांनी ते जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवलं. प्रत्येक वळणावर एक जण ‘माझ्याकडं, माझ्याकडं’ आणि दुसरा ‘भिंत, भिंत’ ओरडत होता. मी मागून चालत होतो आणि माझा काही उपयोग नव्हता. वर आल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं. खोकं आम्ही उघडलं नाही, कंपनीचा माणूस येईपर्यंत उघडायचं नसतं. काच तडकलेली निघाली तर ती कुणी तडकवली, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. चिरंजीवांनी ती रात्र खोक्याच्या शेजारी गादी टाकून काढली.

बसवणारा माणूस दुसऱ्या दिवशी अकराला आला. त्याने भिंतीवर टिचकी मारली, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, ‘किती इंची भिंत?’ चार इंची. ड्रिल लावल्यावर पहिल्या दोन भोकांतून विटेची लाल भुकटी आली, तिसऱ्यातून नुसती वाळू. गिट्टी बसवली तर बोटाने बाहेर येत होती. त्याने ते भोक सोडलं, ब्रॅकेट दोन इंच सरकवलं आणि लांब स्क्रू वापरले. मग उंचीवरून आमचं वाजलं. मी पेन्सिलने खूण करून ठेवली होती, पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर. ‘सगळे पाच फुटांवर लावतात, साहेब. शोभा येत्या.’ मी म्हटलं, शोभा नको, मान हवी. त्याने माझ्या खुणेवर लावला खरा, पण जाताना आईला म्हणाला, ‘आजी, लई खाली लावलाय बघा.’

संध्याकाळी सातला आईची मालिका लागली, आणि सगळं घर गप्प झालं. चित्र घाण होतं, दुसरा शब्द नाही. चेहऱ्यांच्या कडा चुरगळलेल्या, अक्षरं फुटलेली, साडीच्या काठावर मुंग्या. आई पाच मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, ‘रेघा होत्या, पण जुन्यावरच बरं दिसत होतं.’

पासष्ट हजार रुपये.

रात्री जेवण झाल्यावर मी टीव्हीमागे टॉर्च घेऊन शिरलो. सेट टॉप बॉक्स तोच होता, जुना, साध्या एसडी चॅनेलांचा, आणि बसवणाऱ्याने तो जुन्याच लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडला होता. एसडी चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, म्हणजे सगळे मिळून सव्वाचार लाखांच्या आत. आमच्या नव्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. एकेका ठिपक्यातून वीस-वीस ठिपके टीव्हीने मनाने रचायचे. जुन्या ३२ इंचीवर हे झाकलं जायचं, इथे उघडं पडलं. दोन महिने मी पॅनेलच्या जाती शोधत होतो, आणि चित्र घरात येतं कुठून, हे बघायचं राहून गेलं होतं.

केबलवाल्याला फोन केला. एचडी बॉक्स, एचडीएमआय वायर, आणि आईच्या चॅनेलांचा एचडी पॅक, महिन्याला थोडे पैसे जास्त. तो दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन बदलून गेला. मग मी सेटिंगमध्ये शिरून हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद केली. ती चालू असली की सिनेमासुद्धा मालिकेसारखा दिसतो, आणि बरेच टीव्ही ती चालू ठेवूनच येतात. ‘व्हिव्हिड’ हा भडक मोड काढून ‘सिनेमा’ केलं. घरच्यांना दोन दिवस पिवळट वाटलं, तिसऱ्या दिवशी कुणी काही बोललं नाही. आवाज मात्र पातळच राहिला. एवढ्या सडपातळ टीव्हीत स्पीकरला जागा कुठली, ते खाली तोंड करून बोलतात. संवाद ठळक करणारी एक सोय सापडली, तिच्यावर सध्या निभावतंय. चिरंजीव साउंडबारचं बोलतात, मी विषय बदलतो.

चार वाजता आईने मालिका लावली. दिवाणावर लोडाला टेकून, तिरकी. रंग टिकून होते, साडी हिरवीच होती. मी तिच्याशेजारी बसून मुद्दाम पाहिलं, वॉशिंग मशिनांपाशी पाहिलं होतं अगदी तसंच.

डिसेंबरात थंडी पडली. खिडकीच्या फटीतून वारा येतो म्हणून आईने एका सकाळी कामाला येणाऱ्या बाईंच्या मदतीने दिवाण हलवला आणि सोफ्याच्या शेजारी लावला, टीव्हीच्या बरोबर समोर. मी ऑफिसातून आलो तेव्हा ती तिथे शाल पांघरून बसली होती. म्हणाली, ‘इथून छान दिसतंय रे. हे आधीच करायला पाहिजे होतं.’

रात्री सगळे झोपल्यावर मी तो पेनड्राइव्ह काढला आणि अंधाराचा प्रसंग लावून बघितला. करडाच होता.